अर्धा लिटर दूध कमी केलं, तेव्हाची गोष्ट

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. "गृहिणींसाठी काटकसरीच्या 25 सोप्या टिप्स." लिंबाची सालं फेकू नका, भांडी घासायला घ्या. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कापून वापरा. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करा. आणि शेवटची, पंचविसावी टीप: "कामवाली बंद करा, आपोआप व्यायामही होईल." खाली दोन काकांचे अंगठे, एका भाच्याचे जोडलेले हात.

मी या टिप्सची चेष्टा करणार नाही. त्यातल्या निम्म्या मी स्वतः करते. दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या देठांची भाजी, फोडणीची पोळी हे आमच्याकडे आवडीने खाल्लं जातं, त्यासाठी मेसेज यायची गरज नाही. पण पंचवीसच्या पंचवीस टिप्स "गृहिणींसाठी"च का, आणि त्यातल्या बहुतेक ओट्याभोवतीच का घुटमळतात, हा प्रश्न मला पडला. आणि तीन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, सवडीने वाचा.

आम्ही नाशिकला राहतो. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत, मी घरी शिकवण्या घेते. सासूबाई आणि दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी कंपनीचं काम कमी झालं, ओव्हरटाइम बंद झाला, आणि सात महिने पगार जवळजवळ निम्म्यावर आला. आता काय करायचं? मी जे शिकले होते तेच केलं. स्वयंपाकघरात कात्री चालवली.

दूध दीड लिटरचं एक लिटर केलं. फळं आठवड्यातून एकदा. तेलाचा डबा पाच लिटरचा यायचा, तो एक-एक लिटरच्या पिशव्यांवर आला (हे तर उलट महाग पडतं, पण हातात पैसे नसले की माणूस महागच घेतो, हे तेव्हा कळलं). कामाला येणाऱ्या मावशींना सांगायला तोंड उघडलं, पण सांगवेना. त्यांच्या चार घरांपैकी दोन घरांनी आधीच त्यांना थांबवलं होतं. आपली काटकसर म्हणजे कधी कधी आपल्यापेक्षा गरीब माणसाच्या पगारात केलेली कपात असते. मावशी राहिल्या.

दोन महिने असे काढले. मग एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि नवऱ्यालाही बसवलं. तो म्हणाला, "अगं, घरखर्चाचं तुलाच कळतं, मला काय विचारतेस?" म्हटलं, "तुझ्या फोनमधले सगळे मेसेज उघड. बँकेचे."

वहीत जे निघालं ते असं. दूध कमी करून महिन्याला वाचत होते साधारण साडेआठशे रुपये. आणि क्रेडिट कार्डावर साठ हजार थकले होते, त्यावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे दोन हजार शंभर रुपये नुसतं व्याज जात होतं. तो दर महिन्याला "किमान रक्कम" भरत होता आणि त्याला वाटत होतं की आपण वेळेवर भरतोय! त्याच वेळी बँकेत आमची एक छोटी एफडी होती. "अडीअडचणीला असू दे" म्हणून हात न लावलेली. ती वर्षाला सात टक्के देत होती आणि कार्ड वर्षाला बेचाळीस टक्के घेत होतं. मुलांच्या वाट्याचं अर्धा लिटर दूध आम्ही बँकेला पाजत होतो.

दुसऱ्या दिवशी एफडी मोडली, कार्ड फेडलं. दूध पुन्हा दीड लिटर झालं.

चूक नवऱ्याची एकट्याची नव्हती, हेही सांगते. फ्रिज "शून्य टक्के व्याजाने" घ्यायचा हट्ट माझा होता. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं. ते पैसे प्रोसेसिंग फीमध्ये तरी असतात, नाहीतर रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. दुकानात हे कोण सांगणार?

आता जरा मोठं चित्र बघू. केंद्र सरकार घरखर्चाची पाहणी करतं. 1999-2000 मध्ये शहरातलं कुटुंब शंभर रुपयांतले 48 रुपये खाण्यापिण्यावर खर्च करत होतं. 2022-23 च्या पाहणीत ते 39 वर आले. खेड्यात 59 चे 46 झाले. म्हणजे आज खर्चाचा मोठा वाटा स्वयंपाकघराच्या बाहेर आहे. शाळा, क्लास, दवाखाना, भाडं, पेट्रोल, मोबाइल, हप्ते. पण काटकसरीचा उपदेश अजून ओट्यापाशीच उभा आहे. कारण ओट्याचा हिशेब बाईकडे असतो, आणि बाईला उपदेश करायला कुणाचीच हरकत नसते.

बरं, मग करायचं काय? आमच्या घरात ज्याने खरंच फरक पडला ते सांगते.

1) हिशेब दोघांनी लिहायचा. महिन्यातून एक रविवार, अर्धा तास. मुलं मोठी असतील तर तीही बसू देत. आमच्या मुलीने एका बैठकीत तीन बंद न केलेल्या ॲपचे पैसे शोधून काढले, दरमहा आपोआप कापले जात होते.

2) आधी व्याज, मग बाकी सगळं. सर्वांत महाग कर्ज सर्वांत आधी फेडायचं.

3) विजेचं बिल नीट वाचा. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट पैसे पडतात. म्हणून शेवटची वीस-तीस युनिटं वाचवणं सगळ्यात फायद्याचं. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिटं, नवा तीस वॅटच्या आतबाहेरचा घेतला तर नऊच्या आसपास. सगळे एकदम बदलू नका, जो सर्वांत जास्त चालतो तो आधी.

4) पाकिटाची किंमत बघू नका, वजन बघा. दहा रुपयांचं पाकीट दहा रुपयांचंच राहतं, आतला माल कमी होतो. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो, बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून वाचा.

5) गॅस. डाळ अर्धा तास भिजवा, कुकरमध्ये वरण-भात-बटाटे एकावर एक लावा, पहिली शिट्टी झाली की आच बारीक. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी आज कुकर लावून बघावा. हो, काका, तुम्हीच.

6) वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा बँकेतून मिळतो, सुरक्षा आणि जीवनज्योती नावाच्या सरकारी योजना. वयाची अट बघून घ्या. खात्यातून पैसे कापले जातात पण घरात कुणाला पत्ता नसतो, असं पुष्कळ ठिकाणी आहे. वारसाचं नाव लागलंय का ते बघा.

सातवी गोष्ट टीप म्हणून लिहिता येत नाही, म्हणून सांगते.

त्या सात महिन्यांतली गोष्ट. सासूबाईंना रक्तदाब आहे, रोज गोळी असते. एक दिवस सोसायटीत तपासणी शिबिर होतं. त्या मैत्रिणींबरोबर गेल्या आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. वरचा आकडा 190. "गोळ्या घेतात ना?" घेतात की, मीच आणून देते. घरी येऊन डबा उघडला तर महिना संपत आलेला आणि अर्ध्या गोळ्या शिल्लक.

मी विचारलं, "आई, हे काय?"

त्या म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते. काही होत नाही गं. तू दूध कमी केलंस, मला वाटलं आपणही काहीतरी करावं."

मला काय बोलावं सुचेना. मी वहीत वाचलेला पै-पैचा हिशेब लिहीत होते आणि त्यातले दोनशे-सव्वादोनशे रुपये या बाईच्या जिवावर वाचत होते. मला ते औषधांच्या रकान्यात दिसलेही होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. या महिन्यात औषध कमी लागलं म्हणून.

थोडक्यात निभावलं. नंतर डॉक्टरांना विचारून तीच गोळी जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो. कंपनीचं नाव सोडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं, एवढंच. महिन्याचे साडेचारशे लागायचे, ते शंभराच्या आत आले. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर? पंचवीस टिप्समध्ये ही एक असती तर?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. घरात काटकसर करायची असेल तर ती सगळ्यांच्या समोर व्हायला हवी. गुपचूप केलेली काटकसर नेहमी त्याच माणसांच्या ताटातून होते: आधी सून, मग सासू, मग मुलगी. "मला नको, मी दुपारी जास्त खाल्लं" हे वाक्य आपण सगळ्यांनी आपापल्या आईच्या तोंडून ऐकलंय. ते दरवेळी खरं होतं का, हे आपण कधी विचारलं?

आणि दुसरं, घराबाहेरचं. मी कितीही शिट्ट्या मोजल्या तरी मुलाची वार्षिक फी त्यातून निघत नाही. महापालिकेची शाळा चांगली असती, वेळेवर येणारी बस असती, सरकारी दवाखान्यात औषध खिडकीवर मिळालं असतं, तर आमच्या वहीतले तीन मोठे रकाने निम्मे झाले असते. ती काटकसर कुठलीच गृहिणी एकटी करू शकत नाही. ती मतं मागायला येणाऱ्यांना विचारायची गोष्ट आहे. खात्यात दीड हजार आले की आनंद होतो, मी नाही म्हणत नाही. पण दीड हजार देणाऱ्याला "शाळेचं काय केलंत?" हे विचारायला आपण लाजतो का?

असो. नवऱ्याचा पगार पुढे पूर्ववत झाला, वही मात्र चालू आहे. रविवारी सासूबाईही बसतात आता. औषधांचा रकाना त्याच लिहितात, आणि गोळ्यांचा डबा टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असतो.

ग्रुपवर मी त्या मेसेजखाली एवढंच लिहिलं: "टिप्स छान आहेत. सव्विसावी टीप: आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या मोजून बघा."

अजून कुणाचा अंगठा आलेला नाही. पण माझ्या चुलत जावेचा फोन आला होता. तिने मोजल्या.