कॅमेऱ्यालाही कोरडं फडताळ हवं



मृगाचे चार थेंब पडले की आमच्या आगाशीला घरोघरी एकच धांदल उडते. गाद्या आत घ्या, पापड-कुरडयांच्या डब्यांची झाकणं बघा, जरीच्या साड्या पुन्हा एकदा उन्हं दाखवून ठेवा. अर्नाळ्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर. त्याचं खारं वारं आणि वाड्यांतला ओलावा मिळून चपलांवर आठ दिवसांत पांढरी लव उगवते. राजेळी केळ्यांची सुकेळी हा आमच्या गावचा मेवा, पण पाऊस तोंडावर असताना ती उन्हात घालायला कोणी धजत नाही. ओल काय करते हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

तरीही १९८४ साली माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगते आहे, कारण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या घरी गेले तर त्यांनी कपाटाच्या अगदी तळातून सासऱ्यांचा कॅमेरा काढून दाखवला. चामड्याचं कव्हर, त्यावर जुनं मऊ धोतर, शेजारी चार डांबरगोळ्या. बाई कौतुकानं म्हणाली, "किती जपून ठेवलाय बघा!" मी मनात म्हटलं, अगदी माझ्यासारखाच.

आमच्या ह्यांना फोटोचं वेड लग्नाआधीपासून. सुरुवात आगफा क्लिक थ्रीनं. बडोद्याला तयार होणारा तो साधा डबा-कॅमेरा तुमच्याही माहेरी असेल. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो आणि प्रकाशासाठी 'ऊन' की 'ढगाळ' एवढंच ठरवायचं. पुढे १९८१ साली ह्यांनी एका ओळखीच्यांकडून रशियन झेनिट घेतला, जुनाच. किती पैसे दिले ते मला दोन महिने सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. ते असो.

मग दर रविवारी ओटीवर ह्यांच्या मित्रांची बैठक बसू लागली. एकाकडे जर्मन प्राक्टिका, एकाच्या भावानं आखातातून आणलेला जपानी पेंटॅक्स, आणि एक गृहस्थ निकॉनवाले, ते आपला कॅमेरा कोणाच्या हाती देत नसत. मी चहा घेऊन गेले की 'अठ्ठावन्न', 'एकशे पस्तीस', 'एफ दोन' असे आकडे कानावर पडायचे. मला वाटायचं हे लोक जमिनीचे व्यवहार करताहेत की काय! रशियन काच चांगली की जपानी, यावर चहा थंड होईपर्यंत भांडण. हे आमच्या लेन्सची बाजू घ्यायचे. तिचं नाव हेलिओस. तिची बांधणी जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बिओटार या लेन्सवरून घेतलेली, हे त्यांचं हुकमाचं पान.

आता हे आकडे काय, ते तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे घरातल्या पुरुषमाणसांचं बोलणं परकं वाटणार नाही. अठ्ठावन्न म्हणजे ५८ मिलिमीटर. या लेन्समधून जग साधारण आपल्या नजरेला दिसतं तसंच दिसतं. २८ ची घेतली तर अख्खा मांडव मावतो, १३५ ची घेतली तर मांडवाच्या टोकाशी बसलेल्या नवरीचा चेहराच तेवढा जवळ येतो. 'एफ'चा आकडा म्हणजे आतल्या भोकाचा हिशेब. आकडा मोठा तेवढं भोक लहान, हे मला कितीतरी दिवस उलटंच वाटे. शेवटी सासूबाईंच्या जुन्या मापांवरून उलगडलं. एफ दोन म्हणजे लेन्सच्या आकड्याचा अच्छेर, ५८ चे २९ मिलिमीटर. एफ चार म्हणजे पावशेर, एफ आठ नवटाक, आणि एफ सोळा म्हणजे छटाक, जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं छिद्र. भोकाची रुंदी निम्मी झाली की आत येणारा प्रकाश मात्र चौथाईवर येतो. मी हे सांगितलं तेव्हा निकॉनवाले म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं आम्हालाही असं कोणी सांगितलं नव्हतं."

आणखी एक गोष्ट मला आवडली होती. झेनिट आणि प्राक्टिका दोघांच्याही लेन्सना ४२ मिलिमीटरचे एकसारखे आटे, बरणीच्या झाकणासारखे. त्यामुळे शेजारणीची वाटी जावी-यावी तशा लेन्स एकमेकांकडे जायच्या. प्राक्टिकावाल्यांची १३५ ची आमच्याकडे आठ-आठ दिवस असे, आमची हेलिओस त्यांच्याकडे.

तर १९८४ चा पावसाळा. मुलगा रांगायला लागला होता, हाताला लागेल ते तोंडात घालायचा. मी कॅमेरा उचलला, भिंग माझ्या पदरानं स्वच्छ पुसलं, चामड्याच्या कव्हरात घातला, वर मलमल गुंडाळली, लाकडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला, डांबरगोळ्या टाकल्या आणि किल्ली फिरवली. ह्यांच्या शाळेत त्या वर्षी कामाचा डोंगर होता. चार महिने कोणी ते कपाट उघडलं नाही.

तुळशीच्या लग्नाला ह्यांनी कॅमेरा काढला, लेन्स उजेडाकडे धरली आणि तसेच उभे राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरले होते. मी पुन्हा पदर पुढे केला, तर म्हणाले, "वरून नाही, आतून आहे." एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. रविवारची बैठक दुसऱ्याच्या ओटीवर गेली आणि हे जाईनासे झाले.

मुंबईला फोर्टात बोराबाजार आहे, कॅमेऱ्यांची दुकानं तिथे एकाला एक लागून. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्यादेखत लेन्स उलगडली. मी हट्टानं सोबत गेले होते. त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात, ते आपल्याला थांबवता येत नाहीत. त्यांना हवी असते ओल, काळोख आणि कोंडलेली हवा. खायला धूळ आणि बोटांचा तेलकटपणा पुरतो. मी हे सगळं जमवून दिलं होतं. चामडं आणि मलमल ओल धरून ठेवतात. पदरानं पुसलेल्या काचेवर पोळ्यांच्या तुपाचा हात राहिला. डांबरगोळी किड्यांची शत्रू आहे, बुरशीची नव्हे. शिवाय तिची वाफ काचेवर बसते ती वेगळीच. बुरशी नवी असली तर काच पुसून निघते. जुनी झाली की तिच्यातलं आम्ल काचेवरचा पातळ मुलामा खातं आणि तो डाग मग जन्माचा. आमच्या लेन्सची पुढची काच निघाली. मागच्या एका काचेवर नक्षी राहिली. कारागीर म्हणाले, "फोटो येतील. पण उजेड समोरून आला तर धुकं दिसेल."

पुढच्या वैशाखातली गोष्ट. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, पाठीमागे अंगणातलं भर ऊन. नातवानं काहीतरी केलं आणि त्या खळखळून हसल्या. एरवी कॅमेरा पाहिला की त्या पदर सावरून, तोंड मिटून पुतळ्यासारख्या बसत. ह्यांनी धावत जाऊन फोटो घेतला. त्यांना हलवून बसवायला, बाजू बदलायला वेळच नव्हता. फोटो धुऊन आला तो पांढरट, दुधात बुडवल्यासारखा. हसू ओळखू येतं. नाकातली मोरणी दिसत नाही, डोळे नीट दिसत नाहीत. त्या थंडीत सासूबाई गेल्या. हसतानाचा त्यांचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे.

तेव्हापासून आमच्या घरातला कॅमेरा माझ्या ताब्यात आहे. "वहिनींचं काय काम त्यात," असं प्राक्टिकावाले एकदा म्हणाले होते खरे. पण होमाई व्यारावाला साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा सांभाळत दिल्लीत वावरल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार त्या, शिकल्या मुंबईतच, फोटोची कला नवऱ्याकडून उचलली, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मी तर नुसती निगा राखायची म्हणत होते.

निगेला फार काही लागत नाही. झाकणाला रबराची कडी असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात कॅमेरा आणि लेन्स कव्हराबाहेर काढून ठेवा, चामड्याचं कव्हर वेगळं, दुसरीकडे. डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी घाला. निळे खडे ओल प्यायले की गुलाबी होतात. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, म्हणून तापवायचं भांडं निराळं ठेवा, स्वयंपाकाचं मुळीच नको, आणि मुलांच्या हाती पडू देऊ नका. हल्ली नारिंगी खडे मिळतात, ते ओले झाले की हिरवट होतात, ते घेतलेले बरे. ओल मोजायचं घड्याळासारखं लहानसं यंत्र मिळतं, ते डब्यात टाका. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असला की निर्धास्त. जुलैत आपल्या किनाऱ्यावर बाहेर तो ८०-९० च्या घरात असतो, म्हणजे साठच्या पुढे गेला की हातपाय हलवायचे. अगदी कोरडंठाक करायलाही जाऊ नका, आतलं वंगण सुकतं. तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. तांदळाची पूड फटीफटीत जाते.

पुसायचं कसं? आधी रबरी फुग्यानं वारा घाला, मग मऊ ब्रश, मग काचेवर हलकी वाफ सोडून लेन्सच्याच कापडानं मधून कडेकडे. अर्नाळ्याहून परत आलात तर हे त्याच दिवशी करा. वाळूचा एक कण पदराखाली सापडला की ओरखडा ठरलेला. उन्हं दाखवायचीच असतील तर कोवळी आणि थोडा वेळ, आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे करून ठेवून विसरू नका. भिंगानं कागद पेटवायचा खेळ लहानपणी आपण सगळ्यांनी खेळला आहे. फ्लॅशमधले सेल काढून ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढा, हाताळा, हवा लागू द्या. वापरातल्या लेन्सला सहसा बुरशी धरत नाही. घरात एखादी बुरशी धरलेली लेन्स असेल तर कारागिराला दाखवून होईपर्यंत ती इतरांच्या डब्यात ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, आता कॅमेरा कोण वापरतं, सगळे फोनवर काढतात. मग हातातला फोन जरा तिरका धरून त्याच्या मागचं इवलंसं भिंग बघा. कणकेचा हात, खोबरेल, सगळं तिथे आहे. दिव्याभोवती रेघा येतात, चेहरे धुरकट येतात, आणि आपण फोन जुना झाला म्हणतो. ओवाळणीच्या आधी ते भिंग स्वच्छ मऊ कापडानं पुसा आणि फरक पाहा.

आमची नात अकरावीत आहे. तिच्या बाबांच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स आणि आतला सेन्सर यांच्यात जागा कमी लागते आणि मध्ये एक कडं घालून जुन्या आट्यांच्या लेन्स बसवता येतात. तिनं माझ्या डब्यातून हेलिओस काढली. ही लेन्स हल्ली म्हणे हौशी लोक शोधून शोधून घेतात, एफ दोनवर मागची झाडंपानं भोवऱ्यासारखी गरगरल्यागत दिसतात म्हणून. ओटीवर बसवून तिनं माझे चार फोटो काढले, उजेड पाठीमागे ठेवून, मुद्दाम. "आजी, बघ ना, किती मऊ आलाय! हे धुकं आता कोणी पैसे देऊनही आणतात."

आमचे हे बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "हिच्या कानातल्या कुड्या दिसत नाहीयेत. बाजू बदलून पुन्हा काढ."

तिनं मला खुर्चीसकट वळवलं, तोंड अंगणाकडे केलं. कुड्या दिसल्या. डब्यातले खडे मात्र गुलाबी झालेत असं तीच सांगत आली, तेव्हा उठायला हवं.