परदेशी पैशाचा हिशेब दिल्लीला, मग गावाला का नाही?

जुन्नरहून घाटघरला गेलं की पुढे नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्यात सातवाहन काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञात किती गायी, किती नाणी दान दिली, ते आकड्यांसकट भिंतीवर कोरलंय. दानाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायची ही रीत आपल्याच तालुक्यातली.

मे 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी केंद्राने दिली. एखाद्या राज्याच्या अशा निधीला ती पहिल्यांदाच मिळाली. चांगलंच झालं, पूर असो की गरिबाचं ऑपरेशन, पैसा लागतोच. पण तो कुठे खर्च झाला हे घाटघरच्या माणसाला कळणार कसं?

परदेशी देणगीचा कायदा 2010 चा, आणि कडक आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा होतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या संस्थांची, मग ती मुस्लिमांची असो, मिशनऱ्यांची की आदिवासींची, त्यात अडचण झाली.

म्हणजे सरकारला सगळं दिसतं. लोकांना? जुलै 2022 मध्ये दर तिमाहीला देणग्या जाहीर करण्याची अट काढली. गृहखात्याच्या वेबसाइटवर संस्थांचे वार्षिक हिशेब दिसायचे, तेही हटवले. पीएम केअर्सला तर या कायद्यातून सूटच आहे, आणि हा सरकारी निधी नाही, त्याला माहिती अधिकार लागू नाही, असं 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टात सांगण्यात आलं. छोट्या संस्थेला एक माप आणि मोठ्या खुर्चीला दुसरं, हे पटत नाही.

दुसरी पद्धत आपण पाहिलेली आहे. 2003 नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यातल्या 26 जिल्ह्यांत जलस्वराज्य प्रकल्प आला. त्यात गावाची पाणी समिती खर्च करायची आणि गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती तो तपासायची. सगळीकडे नीट चाललं असं नाही, काही ठिकाणी समिती कागदावरच राहिली. तरी पाइप किती फुटांचा आणला, हे विचारायचा हक्क गावाच्या हातात होता. मुख्यमंत्री निधीनेही परदेशी देणग्यांची जमा आणि खर्च, जिल्हावार, मराठीत जाहीर करावा. त्याला नवा कायदा लागत नाही.

जाता जाता आपल्या घरांसाठी. आखातात नोकरी करणारा भाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत मशिदीला पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ठरते. म्हणून ट्रस्टींनी पावती फाडण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारून, त्याची प्रत फाइलला लावावी.