लोकरीचा हिशेब

लोकरीच्या कटासण्यावर सामायिकाला बसताना "मेंढी कुठे मारतात, नुसती कातरतात" असं आपण किती सहज म्हणतो! मेंढीला बारीक किड्यांमुळे खरूज होते. अंग घासून घासून लोकर गळते, जनावर खंगतं. म्हणून तिला औषधाच्या हौदात बुडवतात. किडे मरतात, असंख्य. ब्रिटनमध्ये १९९२ पर्यंत तर कायद्यानेच सक्ती होती, आणि ते ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळून आपण कायमचे आजारी पडलो, असं तिथले कितीतरी मेंढपाळ सांगतात. मेंढीला खाजवत मरू द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. औषध हवंच. पण मैत्रिणींनो, खर्चाची बाजू कोरी ठेवून वहीत नफा दाखवायचा? बी.कॉम.ला नापास केलं असतं मला! नवी शाल मी आता घेत नाही. सासूबाईंची आहे, विरलेली.