साप चावला की गुडघ्याखाली दोरी बांधू नका

रोवणीचे दिवस सुरू झाले की चंद्रपूर-गडचिरोलीत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. धानाच्या बांधीत अनवाणी काम चालते, त्यामुळे दंश बहुधा पावलावर किंवा घोट्याजवळ असतो. रुग्ण येतो तेव्हा गुडघ्याच्या जरा खाली सुतळी किंवा लुगड्याची पट्टी करकचून आवळलेली असते.

माझे मत स्पष्ट आहे: ही दोरी बांधूच नये. का, ते कळण्यासाठी आपलाच पाय चाचपून पाहा.

गुडघा ते घोटा या भागात दोन हाडे असतात. पुढून हाताला लागते ती नडगी, म्हणजे टिबिया. शरीराचे वजन मुख्यतः तीच पेलते. बाहेरच्या बाजूला बारीक फिब्युला असते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, एक टणक उंचवटा लागेल. ते फिब्युलाचे डोके. त्याच्या लगेच खाली हाडाला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नावाचा मज्जातंतू जातो. त्याच्यावर संरक्षण म्हणून कातडीशिवाय फारसे काही नाही. पाऊल वर उचलायचे काम त्याचे, आणि दोरी नेमकी इथेच बसते! तो बराच वेळ दाबला गेला की पाऊल लोंबकळते. अशा माणसाने चिखलात रोवणी कशी करायची?

आता रक्तवाहिन्या. धमन्या खोलवर, स्नायूंच्या आड असतात. शिरांच्या भिंती पातळ असतात आणि त्यांतला दाबही कमी असतो. म्हणून दोरीने आधी शिरा बंद होतात. रक्त पायात येत राहते, पण परत जात नाही, आणि पाय सुजतो. त्यातच पोटरी-नडगीचे स्नायू चिवट पडद्याच्या चार कप्प्यांत बसवलेले आहेत. हा पडदा फारसा ताणला जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. दोरी फारच घट्ट असेल तर रक्तपुरवठाच थांबतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे 'काही तास' म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दोरी डॉक्टरलाही चकवते. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, घोणसीच्या दंशाने पाय चांगलाच सुजतो. दोरीने आलेली सूज पाहून विषाचा अंदाज चुकू शकतो. कधी सोबत मारून आणलेला साप बिनविषारी धामण निघतो. म्हणजे इजा झाली ती केवळ दोरीने. (साप मारायला थांबण्यातही वेळच जातो.)

तरी दोरी बांधणाऱ्यावर ओरडणे मला पटत नाही. दवाखाना लांब असतो आणि हाताशी दुसरे काही नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष आपल्याकडे आहे. ते जवळच्या आरोग्य केंद्रात रात्रीही मिळेल आणि द्यायला डॉक्टर असेल, अशी खात्री लोकांना वाटली पाहिजे. ती नाही, तोवर पुजाऱ्याचे अंगण आधी गाठले जाणारच.

साप चावलेल्याला चालवू नका. पायातली जोडवी, पैंजण काढा. पायाला काठीचा आधार देऊन तो सैलसर कापडाने बांधा, हलू देऊ नका, आणि खाटेवर किंवा गाडीत आडवे ठेवून थेट दवाखान्यात न्या. दोरी आधीच आवळली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, अडलेले विष अचानक शरीरात पसरू शकते. ती दवाखान्यात, सलाईन लावून आणि गरज असल्यास प्रतिविष सुरू करून, डॉक्टरांनाच सोडू द्या. दोरी किती वाजता बांधली, तेही त्यांना सांगा.