ठेका तोच, कलावंत अनाम

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली अशा अनेक भाषा नांदतात. लग्नसराईत मात्र मूल असो, वडसा असो वा अहेरी, वरातीपुढचा डीजे बहुधा तीच ती गाणी वाजवितो : हिंदी चित्रपटांतील उडत्या चालीची आणि राज्यभर गाजलेल्या मराठी गीतांची रिमिक्स. ज्या मातीत रेला गीते आणि दंडार रुजली, तिथले गायक या यादीत अपवादानेच आढळतात.

याचा सारा दोष डीजेचालकाच्या माथी मारणे सोपे आहे. त्याने अनोळखी गाणे लावले आणि नाचणारे थांबले, तर पुढची ऑर्डर हातची जाते. त्यामुळे तो खात्रीचेच गाणे निवडतो. पण गाणे लोकप्रिय म्हणून वाजते की वाजते म्हणून लोकप्रिय होते, हा प्रश्न उरतोच. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत याच भिंतींतून गोंडी गाणी घुमतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणसोहळ्यात भीमगीतांना पर्याय नसतो. समाजाने आग्रह धरला की यादी बदलते, असाच याचा अर्थ.

प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभांत ध्वनिमुद्रित गाणी वाजविण्यास परवाना लागत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याचा पुनरुच्चार केला. सामान्य कुटुंबांना हा दिलासा योग्यच आहे. परंतु त्यामुळे वरातीत वाजलेल्या गाण्याचे मानधन गायकापर्यंत पोहोचत नाही. त्याला मिळू शकते ते फक्त नाव, आणि त्या नावावर येणारे पुढचे निमंत्रण. नेमके तेच हिरावले जाते. रिमिक्समध्ये मधूनमधून पुकारा होतो तो डीजेच्या नावाचा. मूळ गायक, गीतकार अनामच राहतात.

झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण येथे बोलके आहे. वडशातून निघणाऱ्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी प्रयोग करतात. तिथे कलावंताचे नाव जाहिरातीत झळकते, प्रेक्षक त्या नावासाठी रात्र जागवितात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे गावोगावच्या प्रेक्षकांनी दिलेली अशी दादही होती. नाटकांचा हंगाम ओसरतो तेव्हा उन्हाळ्यातील लग्नसराई भरात येऊ लागते. याच गायकांचा आवाज वरातीत ऐकू आला, तर त्यांचे नाव वर्षभर लोकांच्या ओठी राहील.

त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. डीजे ठरविताना यजमानाने चार गाणी आपल्या मुलखातील मागावीत आणि चालकाने गायकाचे नाव एकदा तरी पुकारावे. आवाज वाढविण्याची स्पर्धा पुष्कळ झाली. आता तो आवाज कोणाचा, हेही सांगितले जावे.