अरुंधतीचा तारा आणि याहूचा भाव

एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, एखादी नामांकित कंपनी लवकरच शेअरबाजारांत उतरणार आहे. तिचे पुष्कळसे शेअर जिच्या पदरीं आहेत अशी दुसरी कंपनी मात्र बाजारांत आजच मिळते. तर महिन्या-दोन महिन्यांच्या लाभासाठीं घरच्या सामाईक शिलकेंतून ही दुसरी घ्यावी काय? घरांतील तरुण मंडळींचा 'घ्यावी' असा आग्रह आहे. अशाच प्रसंगाचा पडताळा अमेरिकेंत २०१४ सालीं सर्वांच्या डोळ्यांदेखत झालेला आहे.

याहू ही इंटरनेटवरील जुनी कंपनी. तिनें २००५ सालीं १ अब्ज डॉलर रोख व आपला चीनमधील धंदा देऊन तेथील अलीबाबा कंपनीचा सुमारें ४० टक्के हिस्सा घेतला. २०१२ मध्यें त्यांतील जवळजवळ अर्धा विकला. याहूचा स्वतःचा जाहिरातींचा धंदा मंदावत होता. परंतु शेअरचा भाव चढत गेला. कारण अलीबाबा अद्याप बाजारांत आलेली नव्हती, आणि अमेरिकेंतील सामान्य माणसास तिच्यांत पैसा घालावयाचा तर याहू घेणें हीच सोपी वाट होती. अलीबाबाचें तिमाही उत्पन्न ६६ टक्क्यांनीं वाढल्याचें एप्रिल २०१४ मध्यें कळतांच भाव उसळला तो याहूचा!

संस्कृतांत अरुंधतीदर्शनन्याय म्हणून आहे. विवाहप्रसंगीं वधूस अरुंधती दाखवावयाची, पण ती सूक्ष्म तारका एकदम दिसत नाहीं. म्हणून जवळचा ठळक तारा प्रथम 'हीच अरुंधती' असें सांगून दाखवितात, आणि खरी दृष्टीस पडली म्हणजे तो सोडून देतात. याहू हा तो जवळचा तारा होता. (आकारमानानें अलीबाबाच मोठी, हें आम्ही जाणतों, न्यायाचा अर्थ तेवढा घ्यावा.)

१९ सप्टेंबर २०१४ रोजीं अलीबाबा न्यूयॉर्कच्या बाजारांत आली. ६८ डॉलरांस दिलेला शेअर त्या दिवशीं ९३.८९ डॉलरांवर बंद झाला. त्याच दिवशीं याहूचा शेअर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उतरून ४१ डॉलरांच्या खालीं गेला. दिवाळी शेजाऱ्याकडे आणि शिमगा आपल्या घरीं!

हा केवळ बाजाराचा लहरीपणा नव्हे. याहूनें त्या वेळीं अलीबाबाचे १४ कोटी शेअर विकले, सुमारें ३८ कोटी उरले. ९४ डॉलरांच्या हिशेबानें उरलेल्यांचेंच मोल ३६ अब्ज. आलेली रोकड ९ अब्जांहून अधिक. जपानमधील हिस्सा निराळाच. आणि अख्ख्या याहूची बाजारांतील किंमत सुमारें ४१ अब्ज! म्हणजे तिचा स्वतःचा धंदा शून्याहूनहि कमी मोलाचा ठरतो. तेव्हां शेअर स्वस्त आहे, असें पुष्कळांस वाटलें. परंतु नफ्यावर तेव्हां सुमारें ३५ टक्के संघीय कर होता, आणि हातीं आलेला पैसा कंपनीचे चालक कसा खर्चितील ह्याची शाश्वती नव्हती. सोनें मोडावयास काढतांना वजन सर्वजण करितात, घट धरावयाची विसरतात.

शिवाय जी तारीख सर्वांस ठाऊक असते, तिची आशा भावांत आधींच मिसळलेली असते. म्हणून सामाईक शिलकेंतून असा व्यवहार करूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. त्या शिलकेवर वृद्धांच्या औषधपाण्याचा व मुलांच्या शिक्षणाचा हक्क आहे, आणि भाव उतरल्यावर ती दुरुस्त होईपर्यंत त्यांस थांबतां येत नाहीं. तरुणांनीं स्वतःच्या मिळकतींतून, कर व घट मांडून, खुशाल अनुभव घ्यावा.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. उरलेला हिस्सा करावांचून निराळा काढण्याची योजना याहूनें जानेवारी २०१५ मध्यें जाहीर केली व डिसेंबरांत सोडून दिली. मध्यंतरीं ऑगस्टांत अलीबाबाचा भावहि ६८ च्या खालीं येऊन गेला. २०१७ सालीं याहूचा मूळ धंदा व्हेरायझननें सुमारें साडेचार अब्जांस घेतला. उरलेल्या कंपनीस अल्ताबा हें नांव मिळालें. तिनें २०१९ मध्यें अलीबाबाचे शेअर विकून गाशा गुंडाळण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं अलीबाबाचा भाव ३०० डॉलरांवर गेला.