जाहीर इशारा : लिफ्ट कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना

महोदय,

आमच्या सोसायटीची लिफ्ट तुमच्या कंपनीने बसवली. देखभालीचा वार्षिक करारही तुमच्याशीच आहे आणि त्याचे पैसे आम्ही आगाऊ भरले आहेत. तरीही पावसाळा लागल्यापासून लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबू लागली. दार अर्धं उघडून पुन्हा मिटायचं. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारी बॅटरी चालेना, माणसं आत अंधारात अडकू लागली. शेवटी कमिटीनेच लिफ्ट बंद केली. तेव्हापासून सातव्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी सोसायटीतली पोरं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवतात. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासते आणि आजी डोळे मिटून कठडा घट्ट धरतात.

कॉल सेंटर दर वेळी नवा तक्रार क्रमांक देतं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज येतो. त्या दिवशी तुमचा माणूस इमारतीत फिरकलेलाही नसतो! याला आम्ही खोटी नोंद म्हणतो. शाखा व्यवस्थापकांना पत्रं दिली, पोच घेतली. ‘पार्ट मागवलाय’ यापलीकडे उत्तर नाही. येणाऱ्या तंत्रज्ञावर आमचा राग नाही. त्या एकट्याच्या गळ्यात किती इमारती बांधायच्या, हे तो ठरवत नाही, तुमचं कार्यालय ठरवतं. म्हणून आता गाठ थेट तुमच्याशी आहे.

हे पत्र पोचल्यापासून 15 दिवसांत लिफ्ट दुरुस्त झालीच पाहिजे. बॅटरी बदला आणि लिफ्ट सुरक्षित असल्याचा अहवाल जबाबदार अभियंत्याच्या सहीशिक्क्यानिशी द्या. बंद काळातले देखभालीचे पैसे परत करा. न सोडवलेल्या तक्रारी कोणी आणि कशाच्या आधारावर बंद केल्या, याचा लेखी खुलासाही आम्हाला हवा आहे.

सोळाव्या दिवशी आम्ही ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. तुमचं मुख्यालय परराज्यात आहे म्हणून निश्चिंत राहू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या जिल्ह्यात दाद मागता येते, नोंदणीकृत सहकारी संस्थेलाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. ‘निवारण झाले’चे सगळे मेसेज, गेटवरच्या नोंदवहीची पानं आणि पत्रांच्या पोचपावत्या आम्ही जपून ठेवल्या आहेत, तारखा शेजारी ठेवल्या की आयोगाला फार विचारावं लागणार नाही. आयोगाचा आदेश पाळला नाही तर याच कायद्याच्या कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्टच्या सुरक्षिततेची तक्रार त्याच दिवशी राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडेही जाईल.

तुमच्या ग्राहक असलेल्या इतर सोसायट्यांना आमची विनंती आहे : फोनवर विसंबू नका, प्रत्येक तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. कायद्याने दाद मागायला दोन वर्षांचीच मुदत असते, ती आश्वासनांत घालवू नका.

संचालक महोदय, कॉल सेंटरच्या फोनला किंवा शाखेच्या निरोपाला आम्ही उत्तर मानणार नाही. तुमच्या सहीचं पत्र आणि दुरुस्तीची तारीख पाठवा.

व्यवस्थापक समिती व सर्व सभासद
डोंबिवली (पूर्व)